शरयूताईंची तीन मिनिटं

शरयू दळवींच्या घरी कुणालाही सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नसे. समोरचा रंगात येऊन काही सांगत असायचा, आणि त्या मध्येच हात वर करून, नाकातून किंचित सूर काढत म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" नवखा माणूस गोंधळून गप्प व्हायचा. सरावलेला हसून म्हणायचा, "वाढवा." मग त्या मान डोलवायच्या आणि पुढचं ऐकायला घ्यायच्या. बोलणं संपलं की "बरं, लाइन सोडते" असं म्हणून उठायच्या. निरोप घ्यायची त्यांची तीच रीत होती.

ही सवय ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. ट्रंक कॉलचा जमाना होता तेव्हा शरयूताई तिथे ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी हजारो अनोळखी माणसांना जोडून दिलं, आणि दर तीन मिनिटांनी त्यांच्या बोलण्यात शिरून मुदतवाढ हवी का ते विचारलं. "लोक पहिली दोन मिनिटं हवापाणी विचारतात हो," त्या सांगायच्या. "खरं काय ते शेवटच्या मिनिटात येतं. म्हणून तर वाढवू का विचारायचं." लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "लाइन एंगेज होती." आवाज मात्र असा, की तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी भाजीवाल्याला हाक मारली तर रस्त्यापलीकडचाही थांबायचा.

डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक विभागाला लागून असलेल्या निवासी भागात आमची चार मजली, बिनलिफ्टची इमारत आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी बरोबर वर, चौथ्यावर. मी सुधाकर राणे, सोसायटीचा एकोणीस वर्षं सेक्रेटरी. त्या मला नावाने हाक मारत नसत. "काय सेक्रेटरी, आज कुणाला नोटीस?" असं विचारायच्या. माझी बायको मंदा आणि त्या जिवलग मैत्रिणी. दुपारी दोघी मिळून निवडण-टिपण करायच्या, आणि मंदा बोलायला लागली की शरयूताई हात वर करायच्याच नाहीत. "हिची लाइन अनलिमिटेड आहे," म्हणायच्या.

मंदाला कबुतरांचा लळा होता. स्वयंपाकघराच्या गॅलरीत एका जुन्या परातीत रोज सकाळी ती मूठभर ज्वारी टाकायची. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी ती गेली. दहाव्या दिवशी मी परातीत ज्वारी टाकली आणि पाच-सात कबुतरं नेहमीसारखी उतरली. ती घुमायला लागली, तेव्हा घरात पहिल्यांदा कुणीतरी असल्यासारखं वाटलं. पुढे मी मूठभराची ओंजळ केली, ओंजळीचा डबा केला. पाच-सातांची पन्नास झाली. गॅलरीत मावेनात तेव्हा जिन्यातल्या सिमेंटच्या जाळीत बसू लागली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. तिथेच त्यांनी घरटी केली.

एवढी कबुतरं, तरी ते वळण रोज स्वच्छ असायचं. मला त्याचं कौतुक होतं. वार्षिक सभेत मी आमच्या झाडूवाल्या वंदनाबाईंचा सत्कार ठेवला. "चौथ्या मजल्यापर्यंत जिना आरशासारखा ठेवतात," असं भाषणात म्हणालो. त्या बाई साडी हातात घेऊन गोंधळल्यासारख्या उभ्या राहिल्या, काही बोलू पाहत होत्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शरयूताईंनी जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. हे लक्षात ठेवा. मला ते फार उशिरा आठवलं.

त्यांना खोकला सुरू झाला तो त्याच सुमारास. कोरडा, कफ नाही, ताप नाही. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. "लाइनमध्ये खरखर आहे," त्या स्वतःच म्हणायच्या. मग तिसरा मजला चढताना दुसऱ्यावर थांबायला लागल्या. कठड्याला टेकून उभ्या असायच्या आणि कुणी आलंच तर घड्याळ बघत असल्याचा आव आणायच्या. छातीत जडपणा वाटतो म्हणाल्या, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग हृदयाचा कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. थुंकी तपासली, क्षयरोग नव्हता. मग दमा ठरला आणि हातात पंप आला. कुणी म्हणालं, कोरोना झाला होता ना, त्याचं उरलंय. कुणी म्हणालं, या वयात व्हायचंच. प्रत्येकाकडे एक कारण होतं. माझ्याकडेही होतं, आणि मला त्याची सगळ्यांहून जास्त खात्री होती.

माझं कारण म्हणजे वास. आमच्या भागात राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळी कधी सडक्या कोबीसारखा, कधी जळक्या रबरासारखा वास कारखान्यांकडून येतो आणि खिडक्या धडाधड बंद होतात. त्याविरुद्ध मी वर्षानुवर्षं अर्ज करत होतो. माझी हिरवी फाइल या भागात प्रसिद्ध होती. पण अर्जात नेहमी 'नागरिकांना त्रास होतो' एवढंच असायचं. आता मला एक माणूस मिळाला होता. शरयूताईंचा खोकला मी फाइलला लावला. अधिकारी पाहणीला आले तेव्हा मी त्यांना थेट तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि म्हणालो, "शरयूताई, जरा चार पावलं चालून दाखवा." त्या चालल्या, खोकल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या. अधिकाऱ्यांनी टिपून घेतलं. ते गेल्यावर शरयूताई म्हणाल्या, "परीक्षेत पास झाले का हो मी?" मी हसलो.

मे महिन्यात त्या पंधरा दिवस त्यांच्या भाचीकडे, अनघाकडे, ठाण्यात कोलशेतला राहायला गेल्या. परतल्या तेव्हा खोकला जवळजवळ गेलेला. तीन मजले एका दमात चढल्या आणि माझं दार वाजवून म्हणाल्या, "सेक्रेटरी, लाइन क्लिअर!" दहा दिवसांत पुन्हा पहिले पाढे. दिवाळीत पुन्हा तेच झालं: तिकडे बरं, इकडे वाईट. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "बघा! हवा बदलली की बरं वाटतं. अजून काय पुरावा हवा?" फाइलमध्ये मी तारखा लिहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर उत्तर लिहिलेलं होतं आणि मी ते दुसऱ्याच प्रश्नाखाली उतरवून घेत होतो. अनघाच्या घरात वास नव्हता हे मी पाहिलं. तिच्या सगळ्या खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी लावलेली होती, हे मी पाहिलं नाही.

शेवटी ठाण्यात माजिवड्याला छातीच्या एका डॉक्टरांकडे वेळ घेतली. अनघाला सुट्टी नव्हती, म्हणून मी बरोबर गेलो. हिरवी फाइल घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी शरयूताईंच्या पाठीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावला, बोटांची फुगलेली नखं पाहिली, आणलेला स्कॅन दिव्यावर धरला. "श्वास घेताना आत आवाज येतोय," ते म्हणाले, "बुटाची चिकटपट्टी उघडताना येतो ना, तसा." मग प्रश्न विचारू लागले. घरात कूलर आहे का, भिंतींना ओल आहे का, उशी पिसांची आहे का. शरयूताई नाही नाही म्हणत गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "कबुतरं? खिडकीत, जिन्यात, आसपास कुणी दाणे टाकतं का? नीट आठवून सांगा, हे महत्त्वाचं आहे."

शरयूताई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच नाही. मी पुढे म्हणालो, "कबुतरं कुठे नसतात हो डॉक्टर? आमचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. आमच्याकडे केमिकलचा वास आहे. ते तेवढं केसपेपरवर लिहून द्या." आणि फाइल पुढे केली.

"म्हणजे दाणे कुणी टाकत नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. शरयूताईंना नव्हे, मलाच, कारण उत्तरं मी द्यायला लागलो होतो.

"नाही, नाही," मी म्हणालो.

मला तेव्हा ठाऊक होतं का? गेली दोन वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं जातात, हे मला माहीत नव्हतं. पण त्या माणसाने 'महत्त्वाचं आहे' असं म्हटल्यावर मला ज्वारीचा डबा आठवला होता. परात डोळ्यांसमोर आली होती. ती रिकामी झाली तर घरात काय उरणार, हेही त्याच क्षणी मनात आलं होतं. आणि नाही हा शब्द त्याच्या आधी तोंडातून गेला होता असं मी म्हणू शकत नाही. नंतर गेला.

परतताना रिक्षात शरयूताईंनी औषधांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं, सांगू? चुकीची लाइन जोडली गेली तर आपण आधी सांगायचं. पलीकडचा ओरडेपर्यंत थांबायचं नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "उद्या औषधं आणून देतो."

"तुम्ही चांगले शेजारी आहात हो सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. दमल्या होत्या, म्हणून वाक्य दोन तुकड्यांत आलं.

औषधांनी थोडं बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. पुढच्या दीड वर्षात त्या जिना उतरायच्या बंद झाल्या. भाजीवाल्याला हाक ऐकू जाईना, तेव्हा त्यांनी गॅलरीतून पितळी वाटी चमच्याने वाजवायला सुरुवात केली. वाक्यं आखूड झाली. "तीन मिनिटं झाली" म्हणायची वेळ यायला आता तीन मिनिटं कुठे लागत होती? दोन शब्द झाले की त्या स्वतःच हात वर करायच्या आणि श्वास घ्यायच्या. मी रोज जाऊन बसायचो. वर माझ्या गॅलरीत पंखांची फडफड व्हायची, ती दोघांनाही ऐकू यायची.

मग एका सकाळी ओठ निळे पडले आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अनघाचा फोन आला. ती रडत होती.

"काका, इथले डॉक्टर म्हणतात, हे कबुतरांमुळे झालंय. त्यांची घाण सुकते, ती धूळ श्वासातून जाते, आणि काही लोकांची फुप्फुसं त्याने आखडून कडक होतात. आधीच कळून मावशी तिथून हलली असती ना, तर बरंचसं थांबलं असतं. आता म्हणे मागे येत नाही." मग म्हणाली, "काका, तुम्ही होता ना बरोबर माजिवड्याला? त्या डॉक्टरने कबुतरांचं विचारलंच नाही का हो?"

मी खुर्चीत बसलो. समोर गॅलरीत परातीभोवती गर्दी झालेली दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "विचारलं नाही."

"त्याला मी आयुष्यात माफ करणार नाही," अनघा म्हणाली.

मी त्याच दुपारी परात उचलून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी गॅलरीला जाळी लावली, जिन्यातली घरटी मजुराकडून तोंडाला फडकं बांधून, पाणी मारून काढून घेतली. कबुतरं आठवडाभर जाळीवर येऊन आपटत होती. इमारतीतले लोक म्हणाले, सेक्रेटरींनी केवढं मन मोठं केलं.

शरयूताईंना इस्पितळातून अनघा परस्पर कोलशेतला घेऊन गेली. महिन्याभराने मी भेटायला गेलो. खाडीकडच्या खिडकीशी पलंग, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. नाकात नळी. शरयूताई अर्ध्या झाल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले. मी सोसायटीच्या बातम्या सांगितल्या, टाकीची गळती, रंगाचं काम. परतलो. त्या भेटीबद्दल मी सगळ्यांना एवढंच सांगत आलो. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

शोकसभेचा ठराव मी लिहिला. त्यातलं दुसरं वाक्य असं: 'श्रीमती शरयू दळवी या परिसरातील रासायनिक प्रदूषणाच्या बळी ठरल्या.' स्थानिक वर्तमानपत्रात त्यांच्या फोटोसह ते छापून आलं. कात्रण मी हिरव्या फाइलला लावलं. खरं कारण इस्पितळात कागदावर असूनही कुणी ओरडलं नाही. अनघानेही नाही. ती म्हणाली, "वासाचंही थोडं असेल काका. तुमचा लढा चालू राहू दे." मला वाटलं, मी सुटलो.

मग अनघा घर रिकामं करायला आली. संध्याकाळी तिने मला खाली बोलावलं. दारामागून तिने एक लांब दांड्याचा झाडू काढला, केरसुणी काढली, पत्र्याचं सुपडं काढलं. सगळ्यांवर पांढरट राखाडी पूड बसलेली होती.

"काका, ही मावशी कुठे झाडायची?"

मी म्हणालो, मला कल्पना नाही. तेव्हा खरंच नव्हती. आमचे चेअरमन म्हात्रे जिन्यावरून वर येत होते. ते थांबले आणि झाडूकडे बघत राहिले.

"राणेसाहेब, तुम्हाला खरंच ठाऊक नाय?" ते म्हणाले. "तीन वर्षांखाली सात मेंबरांनी सह्या करून माझ्याकडे अर्ज दिलेला. राण्यांचे दाणे बंद करा, जिन्यात घाण होते. वंदनाबाई पण म्हणाली, मी ती घाण काढणार नाय. मी तुमच्याकडे येणारच होतो. ताईंनी मला दारात अडवलं. म्हणाल्या, म्हात्रे, त्या माणसाच्या घरात दुसरं कोण बोलतं? त्याची लाइन तोडू नका. घाणीचं माझ्याकडे लागलं. अर्ज माझ्यासमोर फाडला त्यांनी. रोज सकाळी सहाला, तुम्ही उठायच्या आत, वळणावरचा सगळा कचरा झाडून न्यायच्या. कोरडाच. पाणी टाकलं तर खालच्या मजल्यावर ओघळ जातो, मग पुन्हा बोंब होईल म्हणायच्या. पुढे अंगात त्राण राहिलं नाय, तेव्हा पैसे देऊन माणूस लावला त्यांनी."

अनघा माझ्याकडे बघत होती. वंदनाबाईंच्या हातातली साडी आठवली, त्यांचं उघडलेलं तोंड, आणि पहिल्या रांगेतल्या त्या टाळ्या. मला वाटत होतं, धूळ वरून खाली उडत गेली असेल, वाऱ्याने, नशिबाने. त्या तर रोज ती वाकून गोळा करत होत्या. माझ्यासाठी. आणि माजिवड्याला त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं ते, यातलं मी काही सांगतो का, यासाठी. मी नाही म्हटल्यावर त्यांनी ते नाही तसंच राहू दिलं. परत आल्यावरही, दम लागत असतानाही, पुढचे कित्येक महिने झाडणं सोडलं नाही.

त्या संध्याकाळीही मी अनघाला काही सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. सोसायटीच्या स्मरणिकेसाठी 'आमच्या शरयूताई' असा मजकूर द्या, असा निरोप आला, तेव्हा मी आधी त्यांच्या आवाजाबद्दल आणि ट्रंक कॉलबद्दल छान दोन पानं लिहिली. मग फाडली. आता हे लिहिलं आहे. छापायच्या आधी ते अनघाच्या हातात देणार आहे. माजिवड्याच्या त्या डॉक्टरांनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. त्यांची काही चूक नाही. ठरावातलं दुसरं वाक्य खोटं आहे. वास खरा आहे, त्याविरुद्ध लढायलाच हवं, पण शरयूताईंचं नाव त्या फाइलमधून काढा. मी कात्रण काढलं आहे.

कोलशेतच्या भेटीतलं एक अजून सांगायचं राहिलं आहे. राहिलं म्हणजे, मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मी टाकीच्या गळतीबद्दल बोलत होतो. प्लंबर काय म्हणाला, पाइप कुठून फुटला. अनघा आत चहा करत होती. शरयूताई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात त्यांचा हात चादरीवरून वर आला. बोटं निळसर होती. डोळे उघडून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, माजिवड्याला पाहिलं होतं तसं.

"तीन मिनिटं... झाली," त्या म्हणाल्या. यंत्र दोनदा घरघरलं. "वाढवू?"

आत कपबश्यांचा आवाज होत होता. एक वाक्य पुरलं असतं.

"नको," मी म्हणालो. "तुम्ही दमाल."

त्यांनी हात हळूच खाली ठेवला. मी चपला घालून दारापर्यंत गेलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. रागावलेला नव्हता. एक्स्चेंजमधला होता, स्वच्छ, कामापुरता.

"बरं. लाइन सोडते."